तिसऱ्या क्रमांकाचा चित्रपट

आवडत्या चित्रपटांच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. माणसं यादीत न पाहिलेले चित्रपट घालतात. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी मी अशा याद्या बरीच वर्षं मागवल्या आणि तपासल्या. नामवंतांच्या यादीत एखादा परदेशी चित्रपट हमखास असे. त्याबद्दल फोनवर एक साधा प्रश्न विचारला, की पलीकडचा आवाज थांबे आणि मग कामाची घाई सुरू होई.

तरीही मीरा रोडला हाटकेशमधल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर पाच आवडत्या चित्रपटांची यादी मागितली, तेव्हा मी ती दिली. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर बसवला होता. दर महिन्याला एका सभासदाच्या यादीतला एक चित्रपट दाखवायचा, असं ठरलं होतं. प्रत्येक चित्रपटापुढे तो का आवडतो याची एक ओळ लिहायची होती.

मी चार दिवस घेतले. चित्रपट थोर आहे की नाही हे पाहिलं नाही. थोर चित्रपट आठवावे लागतात. न बोलावता ज्याचं एखादं दृश्य येतं, तो घ्यायचा, एवढाच निकष ठेवला.

पहिला होता लहानपणी चाळीच्या गणपतीत पाहिलेला एक विनोदी चित्रपट. पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही पडदा म्हणून बांधलेल्या चादरीच्या मागच्या बाजूला बसलो होतो. नायक डावखुरा होता आणि सगळा गोंधळ त्यामुळे होतो, अशी माझी समजूत झाली. वीस वर्षांनी टीव्हीवर पाहिला, तर तो उजव्या हाताने जेवत होता. मला तो कुणीतरी तोतया वाटला. दुसरा परदेशी, फिल्म सोसायटीत पाहिलेला: बंद पडत चाललेलं दुकान चालवणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी. शेवटच्या रिळावर उपशीर्षकं नव्हती. त्या दोघी शेवटी एकमेकींना काय म्हणाल्या, मला माहीत नाही. शोधता आलं असतं. शोधलं नाही. चौथा मीरा रोडच्या मल्टिप्लेक्समध्ये मुलीबरोबर पाहिलेला कार्टूनपट. त्यातलं मला फार थोडं आठवतं, कारण मी बराच वेळ पडद्याऐवजी तिच्याकडे पाहत होतो. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि गंभीरपणे रडत होती. पाचवा रहस्यपट. खुनी कोण हे मला दहाव्या मिनिटाला कळलं होतं. तो निघाला नाही. चार वेळा पाहून झाला, आजही मला खुनी तोच वाटतो.

तिसऱ्या क्रमांकावर एका हस्ताक्षरतज्ज्ञाची गोष्ट होती. कोर्टात सह्या ओळखून साक्ष देणारा माणूस. त्याच्यासमोर एक खोटी सही येते आणि ती आपल्या धाकट्या भावाने केली आहे, हे तो पहिल्या नजरेत ओळखतो. मग सगळा खटला होईपर्यंत तो गप्प राहतो. भिंगाखाली ती सही मोठी होत जाते आणि मध्यंतराची पाटी येते, ते दृश्य मला आजही दिसतं. त्यापुढे मी लिहिलं: ‘लग्नाआधी आम्ही दोघांनी एकत्र पाहिलेला पहिला चित्रपट.’

यादी सकाळी अकराच्या सुमारास ग्रुपवर टाकली. सोसायटीच्या ग्रुपवर माझी पत्नीही आहे. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. दोन मिनिटांत तिचा मेसेज आला: ‘मी हा पाहिलेला नाही.’

लगेच सेक्रेटरींचा आला: ‘आंटीजी, तो अंकल किसके साथ गये थे?’ त्याखाली चौथ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी हसरे चेहरे टाकले. तेवढ्यात पत्नीचा मेसेज दिसेनासा झाला. त्या जागी तो हटवला गेल्याची सूचना उरली.

मेसेज चुकीचा असता तर मला काही वाटलं नसतं. तो काढून टाकला, म्हणून मी उठून आत गेलो.

“मेसेज का काढलास?”

“कुठला?”

“ग्रुपवरचा. आत्ताचा.”

“चुकून पडला. दुसरीकडे टाकायचा होता.”

“दुसरीकडे कोण विचारतंय तुला हा चित्रपट?”

“अहो, उलटतपासणी घेताय का? मेथी निवडायला बसा, मग विचारा काय ते.”

मी बसलो. तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सारली आणि तिनेच विचारलं, “तुम्ही कुणाबरोबर पाहिलात, ते आधी आठवा. सगळ्या बिल्डिंगला जाहीर केलंत. मी बरोबर होते म्हणून.”

“तूच होतीस. अबोलीचा गजरा होता.”

“अबोली? इतक्या वर्षांत मला अबोलीत पाहिलंत? वास नाही, काही नाही. मी मोगरा माळते. बघा हो, आता गजरेवाली कोण निघते ते.”

ती हसत होती, पण हात नेहमीपेक्षा जोरात चालत होते. चांगली पानंसुद्धा देठांच्या ढिगात जात होती. दुपारी ती झोपल्यावर मी लग्नाचा अल्बम काढला. तिच्या केसांत जिथे जिथे फूल दिसतं, तिथे ते मोगऱ्याचं आहे. अबोली तिच्या बाजूला उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीच्या वेणीत होती.

म्हणजे माझ्या आठवणीत एक चूक निश्चित सापडली. एक चूक सापडली की मजकूर पहिल्यापासून वाचायचा असतो. मी त्या दिवसाचा क्रम कागदावर मांडला.

साखरपुडा झाला होता, लग्नाला तीन आठवडे होते. दोघांनीच चित्रपटाला जाण्याची तेव्हा आमच्या घरांत पद्धत नव्हती. बरोबर तिची बहीण आली. दादरच्या दोन थिएटरांपैकी कुठलं, असं मी विचारलं होतं. कशातच आवड न सांगणाऱ्या मुलीने तेव्हा थिएटर सांगितलं आणि दुपारी तीनचा खेळही सांगितला. याची नोंद मी तेव्हा केली नव्हती. तिकिटं एकत्र मिळाली नाहीत. बाल्कनीची दोन आणि खाली स्टॉलचं एक. मी बाल्कनीत नियोजित वधूशेजारी बसलो असतो, तर मेहुणी खाली एकटी पडली असती. मेहुणीशेजारी बसलो असतो, तर ते आणखी वाईट दिसलं असतं. म्हणून दोघी बहिणी वर गेल्या, मी खाली बसलो. चर्चासुद्धा झाली नाही. तेव्हा अशा गोष्टी आपोआप ठरत.

मध्यंतरात मेहुणी एकटी खाली आली. म्हणाली, ताईचं डोकं दुखतंय, ती वरच बसलीय. मी दोन वडे घेतले, एक तिला दिला, एक वर पाठवला. खेळ सुटल्यावर दोघी एकत्र बाहेर आल्या. बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो आणि चित्रपटाबद्दल मी बोलत राहिलो. बस दिसायला लागल्यावर मी तिला विचारलं, तुला काय वाटलं? ती म्हणाली, “त्याने सुरुवातीलाच बोलायला हवं होतं.”

एवढ्या एका वाक्यामुळे मी तो दिवस जपून ठेवला होता. चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध त्या माणसाच्या गप्प राहण्यावर उभा होता आणि तिने नेमकं तिथे बोट ठेवलं होतं. पुढच्या शुक्रवारच्या परीक्षणात मी ते वाक्य वापरलं, अर्थात माझं म्हणून. चित्रपट न पाहिलेला माणूस असं बोलू शकत नाही. तेव्हा तिने तो पाहिला होता आणि आता ती नाही म्हणत होती. का, हे मला कळत नव्हतं. ज्या खोट्यातून सांगणाऱ्याचा काहीच फायदा दिसत नाही, ते खोटं मला नेहमी जास्त अस्वस्थ करतं.

संध्याकाळी मी पुन्हा विषय काढला. ती टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणाली, “इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय? डोकं दुखत होतं, एवढंच आठवतं.”

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. “अंकल, आपका तीन नंबर कहीं मिल ही नहीं रहा. मोबाइल पर भी नहीं. पिक्चर सच में थी ना?” मी होती म्हणालो. त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी हलवली नाही.

मी वाण्याकडे जातो असं सांगून बाहेर पडलो आणि रिक्षाने काशीमीऱ्याला गेलो. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. घोडबंदरच्या बाजूला जाणारी बस मिळायला पाऊण तास गेला. मेहुणी तिकडे राहते, खाडीच्या अलीकडे, नव्या इमारतीत. न सांगता गेलो होतो. तिने दार उघडलं आणि म्हणाली, “या भाऊजी. आत्ताच चहा टाकला.” ओट्यावर दोन कप काढलेले होते. घरात ती एकटीच होती.

मी विषय फिरवून फिरवून आणला. नातवंडं, पाण्याची वेळ, मग चित्रपट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय? डोकं दुखत होतं, एवढंच आठवतं.”

दोन साक्षीदार वेगवेगळे शब्द वापरून एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती बहुधा खरी असते. दोघांचं वाक्य सारखंच आलं, की त्यांचं आधी बोलणं झालेलं असतं.

“डोकं कुणाचं दुखत होतं?” मी विचारलं.

“ताईचं. माझं कशाला दुखेल?” ती म्हणाली. “भाऊजी, तुम्ही रिटायर झालात ना? मग ही बातमी छापणार कुठे?”

मी वही काढलेली नव्हती. चहा संपवला, चप्पल घातली. दारात उभं राहून विचारलं, “वर पाठवलेला वडा कसा होता? गार झाला असेल.”

“छे, गरम होता. दोन्ही गरम होते,” ती म्हणाली आणि तिथेच थांबली. मग तोंडाला पदर लावून हसली. “तुम्ही ना, अजून तसेच आहात. मुद्द्याचं सोडून भलतंच विचारायचं.”

“म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी होती.”

“बाकीचं तिला विचारा. मी शपथ घेतलीय. देवळात घेतलीय, उगाच नाही.”

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. अंधार पडणाऱ्या थिएटरात तीन आठवड्यांवर लग्न आलेली मुलगी बाल्कनीतून उठते, अडीच तास कुठेतरी जाते आणि खेळ सुटताना परत येते. अशी बातमी डेस्कवर आली असती, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे मला माहीत होतं. तोच प्रश्न घरी जाऊन विचारायचा होता. माझ्या स्टॉपवर मी उतरलो नाही. पुढच्या स्टॉपवर उतरून चालत मागे आलो.

पत्नीने दार उघडलं. “वाण्याकडून काय आणलंत?”

मी काही आणलं नव्हतं.

“तिचा फोन आला होता,” ती म्हणाली. “बसा. आणि चेहरा तसा करू नका. कुणी माणूस नव्हता. टाइपरायटर होता.”

थिएटरपासून दोन गल्ल्या सोडून एक सरकारी कार्यालय होतं. तिथे साडेतीनला टायपिंगची परीक्षा होती. दिवे गेल्यावर ती बाल्कनीतून उठली, परीक्षा देऊन आली आणि शेवटची वीस मिनिटं थिएटरच्या जिन्यात बसून राहिली. याच कार्यालयातून ती पुढे निवृत्त झाली.

मला हे कार्यालय, ही नोकरी, सगळं माहीत होतं. फक्त सुरुवात वेगळी माहीत होती. लग्नानंतर माझ्या काकांनी ओळखीत शब्द टाकला आणि तिला नोकरी लागली, असं आमच्या घरात सगळे समजत. काका प्रत्येक समारंभात ते सांगत. ती ताट वाढत असे आणि ऐकत असे. दर दिवाळीला त्यांच्या पायाही पडत असे.

“काकांनी शब्द टाकला नव्हता?”

“कुठे टाकणार? त्यांना ते ऑफिस कुठे आहे, तेसुद्धा माहीत नव्हतं. नेमणुकीचं पत्र आल्यावर मी आधी काकांकडे गेले. म्हटलं, तुमच्यामुळेच आलं असणार. ते म्हणाले, असेल असेल. मग तुमच्या आई काय बोलणार? दिराचा शब्द कोण मोडतं?”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला?” तिने टेबलावरचं कापड सरळ केलं. “मला बघायला आलात, तेव्हा तुमच्या आई म्हणाल्या होत्या, आमच्यात सुना नोकरी करत नाहीत. आठवतं? तुम्ही चहा ढवळत होतात. साखर विरघळून गेली तरी ढवळत होतात. मान काही वर आली नाही.”

मला ते आठवत नव्हतं. पण नाकारण्यासारखंही त्यात काही नव्हतं. चहा मी तसाच ढवळतो.

“मी ठरवलं होतं,” ती म्हणाली. “परीक्षा चांगली गेली, तर त्याच दिवशी तुम्हाला विचारायचं. सरळ. नोकरी करू देणार का? नाही म्हणालात, तर लग्न नाही. पत्रिका छापून आल्या होत्या तरी.”

“विचारलं नाहीस.”

“विचारू कुठे दिलंत? थिएटरच्या दारापासून बसस्टॉपपर्यंत पिक्चरच चालू होतं तुमचं. तो कसा गप्प बसतो, किती सुंदर गप्प बसतो. मला चीड आली. तुम्ही विचारलंत काय वाटलं, मी म्हटलं, त्याने सुरुवातीलाच बोलायला हवं होतं. तर तुम्ही खिशातून वही काढून लिहून घेतलंत.”

“ते माझ्याबद्दल होतं?”

“मग काय पिक्चरबद्दल? मी पाहिला कुठे होता?”

ते वाक्य मी परीक्षणात छापलं होतं. नंतरही दोन-तीन ठिकाणी वापरलं होतं.

“मग पुढे?” मी विचारलं.

“पुढे काय? बस आली.”

ती उठून कुकर लावायला गेली. मी तिथेच बसलो. जो चित्रपट मी इतकी वर्षं आमच्या दोघांचा म्हणून सांभाळला, तो मी एकट्याने पाहिला होता, हे मान्य करायला वेळ लागला नाही. पण तो पाहताना माझं लग्न ठरलेलं नव्हतं, हे पचत नव्हतं. ते नंतर केव्हा ठरलं, हे तिने सांगितलं नव्हतं. बस आली, एवढंच सांगितलं होतं. बस आली म्हणून कुणी लग्न करत नाही. निदान मला तरी तसं ऐकायचं नव्हतं.

तिचे नोकरीचे कागद कपाटात एका निळ्या फायलीत आहेत. पेन्शनच्या वेळी मीच ते लावून दिले होते, पण तेव्हा फक्त तारखा पाहिल्या होत्या. आता तळाचे दोन कागद काढले. एक परीक्षेला बोलावल्याचं पत्र. त्यावर तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि तिच्या एका मैत्रिणीचा पत्ता. दुसरं नेमणुकीचं. त्यावर तिचं नाव, मधे माझं नाव, मग माझं आडनाव आणि खाली आमच्या चाळीतल्या खोलीचा पत्ता. त्यात लिहिलं होतं, की नाव व पत्ता परीक्षेच्या दिवशी उमेदवाराने भरलेल्या फॉर्मवरून घेतला आहे.

मी दोन्ही कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

“हा फॉर्म त्याच दुपारी भरलास?”

तिने चष्मा लावून पाहिलं. “हो.”

“पत्ता आमचा दिलास.”

“मैत्रीण खोली बदलणार होती. माहेरी दिला असता, तर बाबांनी उघडलं असतं. ते सगळ्यांची पत्रं उघडायचे.”

“आणि आडनाव?”

“चाळीत पोस्टमन आडनावावर पत्र देतो. माहेरचं लिहिलं असतं, तर परत गेलं असतं.”

“मधलं नाव?”

ती कुकरकडे वळली. “फॉर्मवर नावाला तीन रकाने होते. एक रिकामा कसा सोडणार?”

वडिलांचं नाव होतंच, हे मी म्हटलं नाही. म्हटलं, “सगळे दाखले माहेरच्या नावाचे होते. त्यांनी हे नाव घेतलं कसं?”

“तिथल्या बाईंनी विचारलं. मी पत्रिका दाखवली.”

“कुठली?”

“आपल्या लग्नाची. दुसरी कुठली?”

“नाही म्हणालो तर लग्न मोडणार होतीस. मला अजून काही विचारलंही नव्हतंस. आणि पर्समध्ये पत्रिका घेऊन गेली होतीस?”

“असणारच ना पर्समध्ये,” ती म्हणाली. “वाटायच्या होत्या.”

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला आणि मला दोन पानं घ्यायला सांगितली.